घोषणेची हुंडी

शहरातील प्रत्येक आळीत, आणि आळ्या मोडून इमारती उभ्या राहिल्यावर प्रत्येक सोसायटीत, एक तरी गृहस्थ असा असतो की, ज्याचे मत घेतल्यावाचून शेजारच्या कोणत्याही घरात नवे वाहन येत नाही. तो मोटारींचा व्यापारी नसतो. कारखान्यातला इंजिनिअर असतोच असेही नाही. पुष्कळदा तो बँकेतून अगर शाळेतून निवृत्त झालेला साधा पेन्शनर असतो. परंतु रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलचा नुसता आवाज ऐकून, खिडकीशी न जाता, ती कोणत्या जातीची हे तो सांगतो. आणि एखाद्या नव्या मोटारीची घोषणा व्हावयाची असली म्हणजे, घरात कार्य असल्याप्रमाणे, आदल्या रात्री त्याचा डोळा लागत नाही. अशा माणसास लोक वाहनवेडा म्हणतात. त्याचे वेड खरे असते यात संशय नाही. पण त्या वेडाच्या पोटी एक शहाणपणही असते, आणि नव्या वाहनांच्या घोषणांचा जो सुकाळ हल्ली झाला आहे त्यात ते शहाणपण कोणाही संसारी माणसाच्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

पुण्यातील अशाच एका गृहस्थाची ही हकीकत आहे. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते. काकांपाशी जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. नव्या मोटारीची वा मोटारसायकलची घोषणा झाली की, त्या दिवशी कारखानदार जे जे बोलला ते ते काका वहीच्या डाव्या पानावर उतरून घेतात : किंमत किती सांगितली, एका लिटरात अगर एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल म्हटले, गिऱ्हाइकाच्या हाती केव्हा पडेल म्हटले. उजवे पान मात्र ते कोरे ठेवतात. ते भरावयाचे तीन पावसाळे उलटल्यावर. डाव्या पानाला त्यांनी नाव दिले आहे 'बोलले', आणि उजव्याला 'वटले'.

एका रविवारी सकाळी काकांचा पुतण्या हातात मोबाइल घेऊन लगबगीने आला. त्याच्यामागून त्याची पत्नी आणि सहा वर्षांची मुलगीही आली. आठवडाभरापूर्वी एका नव्या विजेच्या मोटारीची घोषणा झाली होती. त्या रात्री बारापर्यंत जे नोंदणीची रक्कम भरतील त्यांना किमतीत सूट मिळावयाची होती. बाकीची रक्कम सात वर्षांच्या कर्जाने उभी करावयाची, आणि पहिला भरणा मुलीच्या नावे ठेवलेल्या ठेवीतून करावयाचा, असा पुतण्याचा बेत होता. आजवर ते तिघेही एकाच स्कूटरवरून हिंडत. मुलगी पुढे उभी राहत असे. ती आता उंच झाल्यामुळे तिच्या डोक्याआडून रस्ता दिसेनासा झाला होता. तेव्हा हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता, हे काकांनाही कळत होते.

"काका, तुम्ही फक्त हो म्हणा," पुतण्या म्हणाला, "रक्कम भरायला दोन मिनिटे लागतात."

"दोन मिनिटांत भरलेली रक्कम फेडायला सात वर्षे लागतात," काका म्हणाले, "बैस. चहा होईपर्यंत वही तरी पाहा."

काकांचा मूळ सिद्धांत असा की, नव्या वाहनाची घोषणा म्हणजे वाहन नव्हे. ती एक हुंडी आहे. पेढीवाला हुंडी लिहितो तेव्हा तो पैसे देत नाही, पैसे देण्याचा शब्द देतो. हुंडी घेणारा शहाणा असला तर कागदाच्या रंगावर आणि अक्षराच्या वळणावर भाळत नाही. लिहिणाऱ्याची पत काय, मुदत किती आणि वटणार कोणत्या गावी, हे तो आधी पाहतो. वाहनाच्या हुंडीची मुदत म्हणजे गाडी हाती पडण्याचा दिवस, आणि ती वटावयाचे गाव म्हणजे आपल्या दारापुढचा रस्ता. रंगमंचावरील झगमगाटात फिरत्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीला ना खड्डा लागलेला असतो, ना पाऊस. म्हणून काका टाळ्या वाजवितात, पण रक्कम भरीत नाहीत.

वहीतील सर्वांत लांब नोंद टाटांच्या नॅनो गाडीची आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटा यांनी ही गाडी जगापुढे आणली. पावसात एकाच स्कूटरवर दाटीवाटीने बसून निघालेले चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले होते. आणि एक लाख रुपये ही किंमत एकदा तोंडातून गेल्यावर, मालाचे भाव चढले तरी, त्यांनी शब्द राखला. काकांच्या डाव्या पानावर त्या दिवशीचे सारे बारकावे आहेत. सुमारे ३.१ मीटर लांबी, मागच्या बाजूस बसविलेले ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन, काचेवर एकच वायपर, चाकाला चाराऐवजी तीनच नट, आणि सामान ठेवावयास मागून दार नाही, ते आतून टाकावयाचे. काकांच्या मते ही काटकसर प्रामाणिक होती. काय ठेवावे हे कोणीही सांगेल. काय वगळावे हे ठरविण्यास कारागीर लागतो, असे त्यांनी त्या पानावर कंसात लिहून ठेवले आहे.

उजवे पान भरले ते निराळ्याच हकीकतींनी. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे कारखाना उभा राहत होता; जमिनीवरून आंदोलन झाले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी तेथून पाय काढून गुजरातेत साणंद गाठले. मुंबईत मार्च २००९ मध्ये गाडी विक्रीस खुली झाली, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. परंतु मोठा कारखानाच तयार नसल्यामुळे पुष्कळांना तिष्ठत बसावे लागले. कर आणि वाहतूक धरता ती लाखाच्या वर गेली. मध्यंतरी काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या आणि लोकांच्या मनात अढी बसली. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने गाडी आदळवून परीक्षा घेतली, तीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेबद्दल नॅनोला एकही तारा मिळाला नाही. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.

"म्हणजे गाडी वाईट होती?" पुतण्याने विचारले.

"गाडी वाईट नव्हती. गावात अरुंद बोळातून वळवावी तर तिनेच. पण तिच्या कपाळी 'स्वस्त' हा शब्द लिहिला गेला, आणि तो गिऱ्हाइकाला झोंबला. आपल्याकडे माणूस गाडी घेतो, तेव्हा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, शेजाऱ्यांना पेढे वाटतो. ज्या वस्तूचे पेढे वाटायचे, ती सर्वांत स्वस्त म्हणून मिरवणे कोणाला आवडेल?" ही चूक पुढे खुद्द रतन टाटांनीही बोलून दाखविली होती. काकांच्या मते या नोंदीचा धडा असा की, घोषणेत जो आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, त्यानेच गाडीचे नशीब घडते असे नाही. पुष्कळदा त्यानेच ते बिघडते.

यानंतर वहीत एक नोंद अशी आहे की, जी काकांनी स्वतः पाहून नव्हे, वाचून लिहिली आहे. नॅनोप्रमाणेच सुमारे तीन मीटर लांबीची एक गाडी इंग्लंडात २६ ऑगस्ट १९५९ रोजी घोषित झाली होती, ती मिनी. १९५६ साली सुएझ कालव्याचा झगडा झाला आणि इंग्लंडात पेट्रोल शिधापत्रिकेवर आले, तेव्हा थोड्या पेट्रोलात चार माणसे नेणारी लहान गाडी करण्याचे काम अॅलेक इसिगोनिस यांच्याकडे आले. त्यांनी इंजिन आडवे बसविले, गियरची पेटी त्याच्या पोटाखाली तेलातच ठेवली आणि चाके अवघ्या दहा इंचांची केली. त्यामुळे एवढ्याशा गाडीत चार प्रौढ माणसे बसू लागली. पुढे जगातील बहुतेक लहान मोटारींनी आडव्या इंजिनाची ही रीत उचलली.

परंतु ही अपूर्व गाडी पहिल्या पावसात गळू लागली. तळाच्या पत्र्याचा सांधा उलट बाजूने दुमडला गेल्यामुळे रस्त्यावरचे पाणी आत येई आणि पायांखालचा गालिचा भिजे. इंजिनाला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीच्या लगत आल्यामुळे मुसळधार पावसात तो ओला होऊन गाडी मध्येच बंद पडे. कारखान्याने हे दोष काढून टाकले. पुढे याच गाडीने माँटे कार्लोची अवघड शर्यत तीनदा जिंकली, आणि २००० सालापर्यंत तिच्या ५३ लाखांहून अधिक प्रती निघाल्या. म्हणजे इसिगोनिस यांची हुंडी वटली, आणि व्याजासकट वटली. परंतु ज्यांनी पहिल्या महिन्यांत ती घेतली त्यांचे पाय मात्र ओले झाले.

येथून काकांनी आपला पहिला नियम काढला आहे : पहिल्या पावसाळ्याची गाडी घेऊ नये. यात कारखानदारावर अविश्वास नाही. शंभर इंजिनिअरांनी चार वर्षे चाचण्या घेतल्या तरी, लाखो गिऱ्हाइके पहिल्या चार महिन्यांत जे दोष काढतात ते त्यांच्या हाती लागत नाहीत. दोष निघणार हे ठरलेलेच. प्रश्न एवढाच की, ते कोणाच्या खर्चाने निघावेत.

दुचाकींच्या नोंदी काकांनी वहीत अधिक प्रेमाने केल्या आहेत, कारण मध्यमवर्गीय पुण्याचे अर्धे आयुष्य दोन चाकांवर गेले आहे. पहिली नोंद बजाजच्या चेतकची. १९७२ साली आलेली ही स्कूटर राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन आली. तो परवान्यांचा काळ होता. कारखान्याने किती गाड्या काढाव्यात हे सरकार ठरवी, आणि नोंदणी केल्यावर नंबर लागण्यास वर्षेच्या वर्षे जात. मुलगा शाळेत असताना नाव घातले आणि स्कूटर आली तेव्हा तो नोकरीस लागला होता, असे सांगणारे लोक अजूनही भेटतात. त्या काळी घोषणेला किंमत नव्हती, कारण माल कमी आणि मागणी अपार; गिऱ्हाइकाने हात जोडावयाचे. काकांच्या मते गाडीला हार घालण्याची रीत तेव्हाच अधिक पक्की झाली. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली त्याचे स्वागत साधेपणाने कसे व्हावे?

तेच नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले आणि जानेवारी २०२० मध्ये ती एक लाख रुपयांपासून पुढे पुणे व बंगळूर येथे विक्रीस आली. काका त्या आठवड्यातच दुकानात जाऊन आले. आवाजावाचून निघालेल्या चेतकवर बसताना त्यांना क्षणभर कसेसेच झाले. पण पत्र्यावर बोटाने टिचकी मारून पाहिल्यावर अंगाला खरे पोलाद आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि त्यांनी डाव्या पानावर एका चार्जिंगला ९५ किलोमीटर हा आकडा समाधानाने लिहिला. नोंदणी बंद पडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उघडली आणि अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा बंद झाली. काकांना गंमत वाटली ती याची की, परवान्यांचा काळ केव्हाच सरला, तरी चेतकच्या वाट्याची रांग काही सरली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घोषित झालेल्या नव्या चेतकमध्ये साडेतीन युनिटांची बॅटरी पायांखाली गेली, आसनाखाली ३५ लिटरांची जागा झाली आणि आकडा १५३ किलोमीटरांवर गेला. ज्यांनी पाच वर्षे दम धरला त्यांना किमतीत थोडीशीच भर घालून दीडपट मजल मिळाली, एवढे सांगून काकांनी पान उलटले. मध्ये एक तांबड्या शाईची ओळ होती : जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींवरील अनुदान कमी केले आणि त्या महाग झाल्या. घोषित किमतीत सरकारचा हात किती, हे विचारल्याशिवाय ती किंमत आपली समजू नये, हा त्या ओळीचा अर्थ.

५ जुलै २०२४ रोजी पुण्यातच आणखी एक घोषणा झाली. सीएनजी, म्हणजे दाबलेल्या नैसर्गिक वायूवर चालणारी जगातील पहिली मोटारसायकल म्हणून बजाजची फ्रीडम १२५ बाहेर पडली. लांब आसनाखाली दोन किलो वायूची टाकी, जोडीला दोन लिटर पेट्रोल, दोन्ही मिळून ३३० किलोमीटर, आणि किंमत ९५,००० रुपयांपासून. सोसायटीतील दोन जण त्याच दिवशी काकांकडे आले. एक जण घरोघर जिन्नस पोहोचविणारा तरुण; दुसरे कचेरीत जाणारे गृहस्थ. दोघांनाही एकच गाडी हवी होती. काकांनी कागदावर हिशेब मांडला. समजा, साध्या मोटारसायकलपेक्षा हिला पंधरा हजार अधिक पडतात आणि दर किलोमीटरास नव्वद पैसे वाचतात. तर साडेसोळा हजारांहून थोडे अधिक किलोमीटर चालविल्यावर जादा पैसे वसूल होतील. त्या तरुणाचे रोजचे धावणे ऐंशी किलोमीटरांचे. महिन्यास पंचवीस दिवस धरले तरी साडेआठ महिन्यांत त्याची वसुली. कचेरीतले गृहस्थ रोज दहा किलोमीटर जाणारे. त्यांना साडेपाच वर्षे लागणार, आणि तोवर वायूच्या पंपावरील रिक्षांच्या रांगेत उभे राहणे आलेच. तेव्हा एकाच गाडीविषयी काकांनी एकाला 'घे' म्हटले आणि दुसऱ्यांना 'घेऊ नका' म्हटले. दोघांनाही वाटले की, काकांचे मत पक्के नाही. वास्तविक मत पक्केच होते. रस्ते दोन होते.

कोणतीही गाडी चांगली की वाईट, हा प्रश्न काकांना अर्धवट वाटतो. ती कोणासाठी, हा पुरा प्रश्न. याचा दाखला म्हणून ते जपानच्या होंडा सुपर कबचे नाव घेतात. १९५८ साली आलेल्या या पन्नास घनसेंटिमीटरच्या गाडीची आखणी करताना, शेवयांचे खाणे घरोघर पोहोचविणारा पोऱ्या डोळ्यांपुढे होता. त्याच्या एका हातात खाण्याचे तबक असावयाचे. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली आणि गियर पायाने बदलता येतील असे केले. अंगावर चिखल उडू नये म्हणून पायांपुढे प्लास्टिकची ढाल दिली. एका पोऱ्याच्या सोयीसाठी केलेली ही गाडी २०१७ सालापर्यंत दहा कोटींच्या घरात पोहोचली. ज्या घोषणेत शक्ती, वेग आणि पडद्याची लांबीरुंदी सांगितली जाते, पण गाडीवर बसणारा माणूस कोठे दिसत नाही, ती घोषणा काकांना पोकळ वाटते.

एवढ्यात चहा आला. पुतण्याने घाईने आपल्या मोटारीचा आकडा पुढे केला : एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर. काका हसले आणि त्यांनी नोव्हेंबर २०२४ चे पान काढले. त्या महिन्याच्या २६ तारखेस महिंद्रांनी चेन्नईत दोन विजेच्या मोटारी जाहीर केल्या; त्या पुण्याजवळ चाकण येथे बनतात. त्यांपैकी बीई ६ ची किंमत १८ लाख ९० हजारांपासून सांगितली गेली. घरी बसवावयाच्या चार्जरचे पैसे निराळे. ७९ युनिटांच्या मोठ्या बॅटरीवर प्रमाणित चाचणीत ६८२ किलोमीटर हा आकडा होता. आणि प्रत्यक्ष रस्त्यावर पाचशेहून अधिक, असेही कारखानदारांनीच सांगितले. काकांना ही पद्धत आवडली. दोन आकड्यांपैकी पहिला खोटा नाही. तो निराळ्या जगातला आहे. चाचणीच्या वेळी गाडी रुळांवर चढवितात. चाके फिरतात पण गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवितात, कमी करतात, थांबवितात. सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्या जाव्यात म्हणून ही रीत आवश्यकच आहे. पुण्यातील वेताळ टेकडीवरील एआरएआय ही संस्था १९६६ पासून अशी कामे करीत आहे. परंतु त्या रुळांवर खंबाटकीचा घाट नसतो, मे महिन्याचे ऊन नसते, आणि मागे बसलेले मामा 'एसी वाढव' म्हणत नसतात. म्हणून जाहीर आकड्यातून चौथाई वजा करावी, आणि उरलेल्यात आपला प्रवास सुखाने बसत असेल तरच पुढे बोलावे, असा काकांचा दुसरा नियम आहे.

"तुझे रोजचे जाणे-येणे किती?" काकांनी विचारले.

"पंचवीस किलोमीटर."

"मग तीनशे काय आणि सहाशे काय, तुझे काम त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागते. बॅटरी जितकी मोठी तितके कर्ज मोठे. वर्षातून दोनदा गावी जायचे, त्यासाठी सात वर्षे हप्ते भरायचे का?"

यावर पुतण्या बोलला नाही. बोलली ती त्याची पत्नी. "काका, माझा प्रश्न वेगळा आहे," ती म्हणाली. "आमची गाडी ठेवायची जागा इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. तिथे दिवासुद्धा नाही, मग चार्जिंगची जोडणी कुठून येणार? आणि दुसरे असे की, छोटीला मागे बसवायचे, तर धडक झाली असता काय होते, हे कोणी सांगितले आहे का?"

काकांनी वही मिटली. "सूनबाई," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत पुष्कळ लोक विचारायला आले, हे दोन प्रश्न पहिल्याने विचारणारी तूच."

या ठिकाणी काकांचा स्वर बदलला. त्यांच्या वहीत एक पान असे आहे की, त्यावर कोणत्याही गाडीचे नाव नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती, एवढेच त्यावर लिहिले आहे. घोषणेच्या मंचावरून वेगाचा आकडा सांगितला की टाळ्या पडतात. थांबण्याचे अंतर सांगितले तर कोणी टाळी वाजवीत नाही, आणि म्हणून ते फारसे सांगितलेही जात नाही. मोटारींच्या बाबतीत आता थोडी सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही परीक्षा सुरू झाली. तीत गाडी ठरलेल्या वेगाने आदळवून मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेबद्दल स्वतंत्र तारे देतात. मघाच्या बीई ६ ला पाच तारे मिळाले. परंतु ही परीक्षा कारखानदाराच्या इच्छेवर आहे, आणि दुचाकींसाठी ती नाहीच. दुचाकीच्या बाबतीत एवढे झाले की, २०१८-१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना, जोरात दाबला तरी चाक न घसरू देणारा ब्रेक आवश्यक झाला. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही चाके एकदम धरणाऱ्या ब्रेकवर भागविण्यात आले. ज्या गाड्यांवर देशातील सर्वाधिक माणसे बसतात, त्यांच्याच वाट्याला हलकी सोय आली, ही काकांची जुनी तक्रार आहे. आणि नवी मोटारसायकल घोषित झाली की, तिचा रंग पाहण्याआधी ते ब्रेक कोणता हे पाहतात.

येथे कोणी म्हणेल की, हा गृहस्थ वाहनांचा शौकीन कसला, हा तर मोडता घालणारा. परंतु तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नवी गाडी दुकानात आली की, पहिल्या दिवशी दार उघडण्याच्या आधी पायरीवर उभे असतात ते काकाच. ते बॉनेट उघडावयास लावतात, गुडघे टेकून गाडीच्या पोटाखाली पाहतात, दार पुन्हा पुन्हा लावून त्याचा आवाज ऐकतात, आणि घरी येऊन रात्री जेवताना त्या दाराच्या आवाजाचे वर्णन करतात. गवयाच्या बैठकीत खरा दर्दी जसा बेसूर जागी मान फिरवितो आणि समेवर दाद देतो, तसे त्यांचे आहे. ज्याला सगळेच आवडते त्याला गाण्यातले काही कळत नाही. घोषणेच्या दिवशी जो फक्त वाहवा करतो तो कारखानदाराचाही हितकर्ता नव्हे. कारण ओल्या गालिचाची तक्रार कोणी केलीच नसती, तर मिनी गाडी पन्नास लाखांवर गेली नसती.

शेवटी काकांनी पुतण्यास नाही म्हटले नाही. मुलगी तिघांमध्ये उभी राहून स्कूटरवरून जाते, हे त्यांच्याही मनाला लागत होते. आणि मोटार घ्यावी हेच त्यांचे मत पडले. त्यांनी फक्त चार गोष्टी सांगितल्या. आज रात्री रक्कम भरू नये. आज जी सूट मिळते तशी सणासुदीस पुन्हा मिळते. सोसायटीच्या सभेत मागच्या जागेला वीज आणण्याचा विषय आधी काढावा. ती आली तर विजेची गाडी, न आली तर पेट्रोलची. गाडी आदळवून घेतलेल्या परीक्षेचा निकाल हाती आल्याखेरीज कोणतीही नवी गाडी यादीत घालू नये. आणि चौथी गोष्ट, पाहावयास जाताना सूनबाई व छोटी यांना बरोबर न्यावे, आणि शक्य तर पावसाच्या दिवशी जावे.

"आणि ठेव?" पुतण्याने विचारले.

"ती तिची आहे," काका छोटीकडे पाहून म्हणाले. "तिला मोडायला सांगण्याआधी निदान गाडी रस्त्यावर तरी येऊ दे."

त्या रात्री बारा वाजून गेले आणि नोंदणीची मुदत संपली. पुतण्याला थोडी चुटपुट लागली असेल. तसे होणे साहजिक आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सोसायटीच्या चिटणीसास मागच्या बाजूच्या विजेविषयी पत्र दिले, आणि खाली पत्नीचीही सही घेतली. तोपर्यंत स्कूटरवरून तिघांनी एकदम जावयाचे नाही, असा घरात ठराव झाला. छोटी शाळेत बसने जाऊ लागली.

काकांनीही आपले काम केले. वहीच्या नव्या डाव्या पानावर त्यांनी त्या मोटारीचे नाव लिहिले, किंमत लिहिली, किलोमीटरांचा आकडा लिहिला आणि हाती मिळण्याची तारीख लिहिली. उजवे पान नेहमीप्रमाणे कोरे ठेवले. वर फक्त 'वटले' एवढा मथळा घातला, आणि पुढे एक लहानसे प्रश्नचिन्ह काढून पेन मिटले.